धरलेली काहील

“मी ‘सोडा’ म्हटलं की दोर कापायचा, वैनी. का, कशापायी, काय बी इचारायचं न्हाय. आण्णा काय बी वरडू देत, आभाळ कोसळू दे. कापायचा.”

घाटावरच्या खंडू अंबीनं, आमच्या नावाड्यानं, बोलता बोलता कमरेचा विळा काढला आणि मूठ माझ्याकडं करून पुढं धरला. पाऊस भुरभुरत होता. आम्ही बांधावरच्या चिंचेखाली उभे होतो आणि माझे मालक चिंचेच्या खोडाला दोराचे वेढे देत होते. समोर वारणा होती. समोर म्हणजे सगळीकडंच. आदल्या दिवशीपर्यंत जिथं आमचा ऊस होता तिथं आता नुसते शेंडे हलत होते, तेही एका दिशेला वाकून.

मालक म्हणजे भूपाल मगदूम. आमच्यात नवऱ्याचं नाव घ्यायची रीत नव्हती. ते जाऊन नऊ वर्षं झाली, आणि लिहिताना नाव चुकवलं तर वाचणाऱ्याचा घोटाळा व्हायचा, म्हणून एकदा लिहिलं.

पाण्यात दीडदोनशे हातांवर आमची जॅकवेल होती. नदीचं पाणी मोटारीनं उचलायला पात्रालगत बांधलेली सिमेंटची गोल विहीर. तिच्यावर खोली, खोलीवर स्लॅब. त्या स्लॅबवर माझा धाकटा दीर नेमगोंडा गुडघे पोटाशी घेऊन बसला होता. पहाटे मोटार आणि स्टार्टर काढून आणतो म्हणून गेला. मोटार काढेपर्यंत ओढ्यातून पाणी मागनं फिरलं आणि काठावरून जॅकवेलकडं जाणारा फळ्यांचा पूल डोळ्यांदेखत सुटून गेला. आम्हाला कळलं तेव्हा स्लॅबखाली पुरुषभर भिंत दिसत होती. आता हातभर उरली होती.

“खंडूकाका, नाव कधी येईल?” मी विचारलं.

“नाव पलीकडच्या वाडीला माणसं काढाय गेलीया. दुपार तरी व्हईल.” त्यानं जॅकवेलकडं बघितलं. “दुपारपातूर त्यो स्लॅब ऱ्हात न्हाय.”

गावातले बापये जनावरं घेऊन माळावरच्या शाळेकडं गेले होते. घाटावर राहिलेला एकटा खंडू. पन्नाशीचा, काटकुळा, एका कानानं जरा कमी ऐकणारा. मी लग्न होऊन या गावात आले ती त्याच्याच नावेतून. त्यानं काही न विचारता आमच्या गुऱ्हाळघरातली काहील उचलायला लावली.

आमच्या भागात पुराच्या दिवसांत काहिलीची नाव होते. गुऱ्हाळाच्या चुलवाणावर उसाचा रस आटवायची लोखंडी पत्र्याची गोल कढई ती. चारपाच माणसं आरामात बसतात. गल्लीत पाणी शिरलं की दोन्ही अंगांनी दोर बांधायचे, दोन गड्यांनी काठाकाठानं धरून चालायचं. त्या पाण्यात म्हातारी माणसं, तान्ही पोरं, कोंबड्यांच्या पाट्या, सगळं मी काहिलीतून गेलेलं बघितलं होतं. भीती नसायची, दोर धरलेला असला की.

मालकांना तेवढंच माहीत होतं. ते म्हणाले, “दोर पक्का बांधू. चिंचेवरनं खाली सोडत जायचं, नेमूला घेतलं की वढून परत आणायचं. दोन वेढे दिल्यावर झाड मोडलं तर मोडंल, दोर न्हाई सुटायचा.”

“सुटला न्हाय म्हंजेच घोळ हाय, आण्णा.”

“म्हणजे?”

खंडू खाली वाकला. पाणी प्यायला मी घरून कळशी आणली होती, ती त्यानं घेतली, ओतून रिकामी केली आणि तिच्या गळ्याला दोरीचा तुकडा बांधला. बांधाच्या कडेला, जिथं पाणी गवतातनं हळूहळू सरकत होतं, तिथं ती सोडली आणि दोरी माझ्या हातात दिली.

“कशी वाटती?”

“दोन बोटांवर राहते.”

“आता हिकडं या, चार पावलं. पदर खोचा.” मी गुडघाभर पाण्यात गेले. कळशी तिथल्या धारेला लागली आणि दोरी माझ्या तळव्यातनं करकरत निघाली. मी दोन्ही हातांनी धरली तरी खांद्यातून कळ आली.

“पाणी किती जोरात पळतंय म्हणाल, मघाच्या मानानं?”

“दुप्पट असेल.”

“आन् वढ?”

“दुप्पट नाही. चौपट तरी असेल.”

“हां.” त्यानं मान हलवली. “पाणी दुप्पट पळालं की वढ चौपट. तिप्पट पळालं की नवाला जाती. त्या जॅकवेलपाशी हितल्या तिप्पट पळतंय. गल्लीतली काहील म्हंजे तुमची पयली कळशी.”

“कळश्या काय खेळत बसलास, खंडू!” मालक ओरडले. “तिकडं माझा भाऊ बसलाय!”

“आण्णा, गूळ तुमचा, पाणी माझं. मी कवा तुमच्या चुलवाणात तोंड घातलंय का?” खंडू एवढं बोलून हसला सुद्धा. मग कळशी मला परत देत खालच्या आवाजात म्हणाला, “आयका वैनी. काहिलीला दोर बांधायचा म्हंजे काठाच्या कडीलाच बांधावा लागतो, दुसरी जागाच न्हाय. चुलवाणावरनं उचलायला केल्याली कडी ती. दोर धरनार वरनं, पाणी वढनार खालनं. धारेत धरून ठिवली की काहील तोंड पाण्यात घालती आन् भरती. जाताना मी पाण्याच्याच चालीनं जानार, आण्णानी दोर निस्ता ढिला सोडत ऱ्हायचा. जॅकवेलच्या मागल्या अंगाला पाणी गप असतंय, तितं मी तिला थांबवतो. नेमू बसला की धारेला लागायचं आन् दोर सोडायचा. सुटल्यावर तिला भ्या न्हाय. पाण्यासंगट जाणाऱ्याला पाणी काय करत न्हाय. मी वल्हवत वल्हवत वळणाच्या खाली, बाभळीत काठाला लावतो.”

“मग हे यांना सांगा की.”

“सांगितलं. हूं म्हनले. पर भाऊ हाय त्यो. त्येंच्या हातनं दोर सुटनार न्हाय.” तेव्हाच त्यानं तो विळा काढला, वर लिहिलाय तो. “तुमी नेमाच्या बाई. तुमी एकदा तोंडातनं शब्द काडला की मोडत न्हाई, सगळ्या गावाला ठावं हाय. म्हनून तुमाला सांगतो.”

नेमाची बाई, हे खरं होतं. मी लहानपणापासून गाळल्याशिवाय पाणी प्याले नव्हते, दिवस मावळल्यावर घास घेतला नव्हता. चातुर्मासात तर रोज सकाळी मंदिरात जाऊन त्या दिवसाचा वेगळा नेम घ्यायची. कधी एक धान्य, कधी मीठ वर्ज्य, कधी अर्धा दिवस मौन. मोठ्यानं बोलणं मला कधी जमलं नाही. नेम मात्र जमला.

“कापीन,” मी म्हणाले. “शब्द दिला.”

खंडू एक बांबू आणि एक फळी घेऊन काहिलीत बसला. मालकांनी दोर सोडायला सुरुवात केली. मी त्यांच्या मागं, चिंचेच्या मुळाशी, जिथं दोराची शेवटची गाठ होती तिथं विळा घेऊन उभी राहिले. मनात णमोकार होता, आम्हा जैनांचा पाच ओळींचा मंत्र. नेमू स्लॅबवर दिसला तेव्हापासून तो चालूच होता. एक संपला की दुसरा.

काहील गेली ती मला अजून दिसते. भोवऱ्यासारखी फिरत होती, पण एवढ्या धारेत असूनही तिच्यात एक थेंब आला नाही. जणू पाणी तिला ओळखतच नव्हतं. खंडू बांबूनं टोचत टोचत ती आडवी सरकवत होता. जॅकवेलच्या अलीकडून ती गेली, आणि मला वाटलं चुकली. तेवढ्यात त्यानं फळी मारली आणि ती विहिरीच्या मागल्या अंगाला शिरली.

तिथं ती थांबली. अगदी थांबली. भोवती सगळं धावत होतं आणि त्या विहिरीच्या आडोशाला पाणी तळ्यासारखं होतं, काटक्या आणि फेस घेऊन सावकाश मागं मागं येणारं. दोर ढिला पडून पाण्यात लोंबायला लागला. नेमूनं स्लॅबच्या कडेला धरून पाय सोडले. खंडूनं त्याचे पाय छातीशी धरले आणि त्याला आत घेतलं.

“बसला!” मालक ओरडले. “अगं बसला! आला माझा नेमू!”

त्यांचे डोळे भरले होते. हातातला दोर त्यांना सैल लागत होता, हलका. तो हलका का आहे हे त्यांच्या ध्यानात आलं नाही. एवढं सोपं असेल तर आत्ताच ओढून घेतो, असं त्यांच्या मनानं घेतलं असणार. ते दोर खेचायला लागले, हातावर हात, गल्लीत खेचायचे तसा.

“थांबा!” मी म्हणाले. माझा आवाज माझ्यापुरताच राहिला.

काहील विहिरीच्या आडोशातनं बाहेर सरकली आणि धारेला लागली. दोर पाण्यातून सर्रकन वर आला, तारेसारखा ताणला, त्यातून पाण्याची धूळ उडाली. चिंचेच्या सालीचा चरचर आवाज झाला. काहिलीच्या आमच्याकडच्या काठावर पाण्याचा ढीग चढला आणि तो काठ खाली जायला लागला.

“सोडाऽऽ!” खंडूची हाक आली.

“धर!” मालक माझ्याकडं वळून ओरडले. “कापलास तर बघ! मरंल तो!”

मी विळा चालवला. एका हिसक्यात दोर तुटला. तुटलेलं टोक मालकांच्या गालावर बसलं आणि ते बसकण मारून खाली बसले. काहील उसळली, सरळ झाली आणि वाहायला लागली. सुटल्याबरोबर ती गप झाली, फिरायलाही सावकाश लागली. दोन डोकी दिसत होती. मग उसाच्या शेंड्यांआड गेली, आणि दिसेनाशी झाली.

“मारलंस,” मालक म्हणाले. एवढंच. “मारलंस माझ्या भावाला.”

मग आम्ही पळालो. बांधावरून, चिखलातून, जिथं बांध संपला तिथं कमरेएवढ्या पाण्यातून, मग माळाच्या कडेनं. वळणापर्यंत दीड कोस. माझं लुगडं पायांत येत होतं, एक चप्पल कुठं गेली ते कळलं नाही. ते पुढं, मी मागं. मध्येच ते थांबायचे, दोन्ही हात तोंडाशी नेऊन “नेमूऽऽ” अशी हाक मारायचे, आणि पलीकडून फक्त पाण्याचा आवाज यायचा. बाभळी आल्या. बाभळीत काहील नव्हती. आम्ही काठाला पालथे होऊन बघितलं, काट्यांत हात घातले. काही नव्हतं. मालक तिथं चिखलात बसले आणि कपाळ जमिनीवर आपटायला लागले. मी त्यांचं डोकं धरायला गेले तर त्यांनी माझा हात झटकला.

“तू हात लावू नको.”

त्या बाभळीखाली आम्ही किती वेळ होतो मला सांगता येणार नाही. मी देवाला काय काय देऊ केलं तेही सांगत नाही. सगळे नेम, सगळे उपवास, पुढचे सगळे जन्म. त्या वेळी मी जे मागत होते त्यात फक्त नेमगोंडाचं नाव होतं. खंडूचं नव्हतं. हे मला फार नंतर आठवलं.

चारच्या सुमाराला खालच्या वाडीचे दोघं जण माळावरून ओरडत आले. नेमू सापडला होता. बाभळींच्याही खाली अर्ध्या कोसावर, एका करंजीच्या फांदीत अडकलेला. अंग सोललेलं, पण जिवंत.

“आणि खंडू?” मी विचारलं.

“त्याचा पत्ता न्हाई.”

खंडू तिसऱ्या दिवशी बंधाऱ्यापाशी मिळाला.

पूर उतरल्यावर गावानं माझी जी गोष्ट केली ती मी थांबवू शकले नाही. मंदिरात बायका माझ्या पाया पडायला आल्या. “त्रिशलाच्या तोंडी णमोकार होता, हातात विळा होता, नवरा आडवा आला तरी डगमगली नाही, दिराला मरणातून काढला.” पंडितांनी प्रवचनात सांगितलं, नेमाचं फळ असं असतं. सासूबाई मला पाटावर बसवून ओवाळायला निघाल्या तेव्हा मी उठून परसात गेले. लोक म्हणाले, बाईला मान नको वाटतो.

नेमू आठ दिवसांनी उठून बसायला लागला. मी त्याला पेज भरवत होते. त्या दिवशी तो पहिल्यांदा नीट बोलला.

“वहिनी, खंडूकाका शेवटपर्यंत पाणी उपसत हुता. दोन्ही हातांनी. काहील अर्धी भरली हुती की. जड झाली. वल्हं मारलं तरी वळंना. बाभळीपाशी काका म्हणाला, आता ही वळत न्हाई, तू पुढच्या झाडाला उडी टाक. मला ढकललं त्यानं.”

मी वाटी खाली ठेवली.

“अर्धी भरली होती?” मी विचारलं.

“सुटायच्या आधीच. कशी भरली कळलंच न्हाई. काकानं पहिली हाक दिली तवा कोरडी हुती, वहिनी. तळाला पाऊस होता तेवढाच. दुसऱ्या हाकेला माझ्या मांडीपर्यंत आलं.” मग तो माझ्याकडं बघून समजुतीनं म्हणाला, “विळा बोथट होता काय?”

मी मान हलवली. होय म्हणून.

तेवढ्या मानेनं ती गोष्टही गावभर गेली. विळा बोथट होता, बाईनं घासून घासून कापला, म्हणून उशीर झाला. नाहीतर खंडूही वाचता. जो तो हळहळायचा. माझं कौतुक त्यानं आणखीच वाढलं.

भाद्रपद लागला, दशलक्षण पर्व आलं. मी दहाही दिवस उपास धरले. सहाव्या-सातव्या दिवशी दुपारी खंडूची बायको शेवंता परसदारी आली. कपाळ मोकळं, हातात काही नाही. नेहमी माशांच्या पाटीमुळं ती आमच्या दारापासून लांब उभी राहायची. त्या दिवशीही तशीच लांब, तुळशीच्या पलीकडं उभी राहिली.

“नेमूदादा बरा हाय न्हवं?”

“बरा आहे. ये, बस.”

“बसत न्हाय. वैनी, एक इचारू? लई दिस झालं इचारीन म्हनते.”

“विचार.”

“इळा लई बोथट व्हता?”

मी काहीच बोलले नाही. तिला ते ‘हो’ वाटलं असावं. तिनं पदर तोंडाशी नेला.

“त्यो इळा माझा. आदल्या दिशी मी त्येनंच गवात कापलं. सकाळी त्येनी मागितला तवा मी म्हटलं, थांबा, धार लावून देते. तर म्हनले, असू दे, जमतंय. आन् मी आयकलं वैनी. दगुड हातात व्हता माझ्या. चार हात मारलं असतं तर जमलं असतं न्हवं? तुमीच सांगा. चार हात.” तिचा आवाज चिरत गेला. “आता म्हशीला गवात कापाय जाववत न्हाय. इळ्याकडं बघितलं की त्येंचं तोंड दिसतं. दीर म्हनतो, म्हस इकून टाक. मी त्येला काय सांगू, की माझ्याच इळ्यानं घात केला म्हनून?”

आता मधलं सांगते, जे वर सोडलं.

विळा बोथट नव्हता. दोर एका हिसक्यात तुटला. तेवढं मी खरं लिहिलं आहे. पण खंडूची पहिली हाक आली आणि मी लगेच विळा चालवला, असं मी लिहिलेलं नाही. पहिली हाक आली तेव्हा माझा णमोकार अर्ध्यात होता. दोन ओळी झाल्या होत्या, तीन राहिल्या होत्या. सुरू केलेला णमोकार मधे तोडायचा नाही, हा माझा नेम सातव्या वर्षापासूनचा. आईच्या दहनाच्या वेळी तोडला नव्हता, बाळंतपणाच्या कळांत तोडला नव्हता. हाक मी ऐकली. स्पष्ट ऐकली. काठ खाली जाताना बघितला. मालकांचं ‘धर’ सुद्धा ऐकलं, पण त्यानं मी थांबले नाही. मी त्या तीन ओळींसाठी थांबले. एकेका ओळीला एकेक श्वास, जशी रोजची सवय. तिसऱ्या ओळीला खंडूची दुसरी हाक आली. मी ओळ पुरी केली आणि मग कापलं.

नऊपट ओढीच्या धारेत धरलेली काहील तेवढ्या वेळात भरते.

मी शेवंताकडं बघितलं. तोंडाशी आलं होतं. पण आत सासूबाई होत्या, सोप्यात नेमू होता.

“शेवंता,” मी म्हणाले, “विळ्यानं काही केलेलं नाही.”

“मग?”

“पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी मी तुझ्या घरी येते. तुला एक सांगायचं आहे. तोवर स्वतःला बोल लावून घेऊ नको.”

“आता सांगा की, वैनी.”

“येते. मी स्वतः येते.”

तिनं पदर सारखा केला. मग “बरं” म्हणाली आणि गेली.

पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी आमची क्षमावाणी असते. वर्षभरात ज्याचं मन दुखावलं असेल त्याच्या दारी जाऊन क्षमा मागायची. म्हणून मी तो दिवस सांगितला, असं मला तेव्हा वाटलं. खरं म्हणजे ते दिवस मी भीतीनं मागून घेतले होते.

मालकांना त्याच संध्याकाळी सांगितलं, शेवंताला सांगणार आहे तेही. दिवस मावळायच्या आत ताटं आवरली होती आणि ते सोप्यात सुपारी कातरत होते. त्यांच्या गालावरचा दोराचा वळ अजून काळा होता. त्यांनी सगळं ऐकलं. अडकित्ता हातात तसाच धरून बसले.

“मला ठावं हाय,” ते म्हणाले.

“काय?”

“विळा बोथट नव्हता ते. मी शेजारी होतो की. मला वाटलं, मी धर म्हटलं म्हणून तू थांबलीस. इतके दिवस मी तेच धरून बसलो होतो. दोर वढला मी, काहील धारेत आणली मी, आणि तुला थांबवलं बी मीच.” त्यांनी गालावरच्या वळावरून बोट फिरवलं. “आणि दोष बोथट विळ्यावर गेला म्हणून बरं वाटत होतं, की सांगणारं कुणी न्हाई.”

“तुमच्या शब्दानं मी थांबले नव्हते.”

“म्हणूनच तर सांगू नको.” त्यांनी अडकित्ता खाली ठेवला. “तिला सांगून काय होणार, तिरशा? खंडू येणार हाय का परत? उलट तुझं नाव जाईल. पंडितांनी प्रवचनात सांगितलंय. लोक म्हणतील, णमोकारानं माणूस मारला. हे तू देवाच्या माथी मारणार?”

हा प्रश्न मी स्वतःला रोज विचारत होते. उत्तर आजही पुरतं माझ्याजवळ नाही.

“देवानं नाही थांबवलं मला,” मी म्हणाले. “नेम मोडायला मी भ्याले. आणि ती बाई विळ्याला हात लावत नाही.”

ते उठून आत गेले. रात्रभर कूस बदलत होते एवढं मला कळलं.

क्षमावाणीच्या सकाळी मंदिरात गर्दी होती. बायका एकमेकींना हात जोडत होत्या, म्हाताऱ्या लेकीसुनांना जोडत होत्या. मीही जोडले. साठसत्तर जणींची मी क्षमा मागितली, आणि त्यांतल्या एकीचंही मी काही वाईट केलेलं नव्हतं. त्यांनी मला क्षमा केली, काही जणी पाया पडल्या. मंदिराच्या पायऱ्यांवर मालक उभे होते. त्यांनी माझ्याकडं बघितलं, टोपी सारखी केली.

“मी येऊ?”

“तुमचं तुम्ही नंतर जाऊन सांगा. आज मला एकटीला जाऊ द्या.”

माझी चुलत जाऊ सुगंधा मागून आली, हातात प्रसादाची वाटी. “अगं, इकडं कुठं निघालीस? आपल्या गल्लीतली घरं तर सगळी झाली की.”

“एक राहिलंय,” मी म्हणाले.

घाटाकडं जाणारी गल्ली पुरानं धुऊन काढली होती. दोन्ही बाजूंच्या भिंतींवर पाणी कुठवर चढलं त्याच्या खुणा होत्या, माझ्या डोक्याच्याही वर. टोकाला अंब्यांची चार घरं. शेवंताचं शेवटचं. दारात म्हैस बांधलेली दिसत होती. मी चपला काढून हातात घेतल्या, कारण पुढं चिखल होता, आणि चालायला लागले.